एकेचाळिसावं शीट

माझी आत्या घरात शिरताना बूट काढते आणि लगेच उलटे वळवून ठेवते, टोकं दाराकडे. निघताना वळवण्यात वेळ जायला नको म्हणून. अकरा वर्षं मी ते बूट बघतेय. जोड्या बदलल्या, पण तोंडं कधी आत वळली नाहीत.

तिची एक खोली आहे, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तिसऱ्या मजल्यावर. खोलीत पलंग आहे, पण त्याच्यावर तंबू, दोऱ्या, छोटा स्टोव्ह आणि सॅक झोपतात. आत्या खाली चटईवर. लग्न तिने केलं नाही. पन्नासाव्या वर्षी सरकारी नकाशा कचेरीतली नोकरी मुदतीआधी सोडली, पाठीवर सॅक टाकली आणि निघाली ती निघालीच. अभयारण्यं, राखीव जंगलं, शेवटच्या बसच्याही पुढे दोन दिवस चालावं लागेल अशी पठारं. दोन-दोन, तीन-तीन महिने, एकटी. मग दहा-बारा दिवस इथे आणि परत गायब. खोलीची किल्ली माझ्याकडे असते, कारण घरात दुसरं कुणी ती हरवल्याशिवाय ठेवू शकत नाही.

बाबा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. ते म्हणतात, "तिच्या पायाला भिंगरी आहे, तू लक्ष देऊ नकोस." पण लक्ष न देणं माझ्या रक्तात नाही. मी ड्रायव्हिंग शिकवते. आमच्या शिकाऊ गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. समोरचा चुकला की आपण पाय आपटायचा, हाच माझा धंदा. सोळा वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव बिघडतो. घरीसुद्धा कुणी चुकताना दिसलं की माझा उजवा पाय आपोआप जमिनीत रुततो.

शेजारपाजारच्या बायकांना आत्याचं केवढं कौतुक. "एकटी फिरते हो! काय धाडस!" एकदा वर्तमानपत्रातून एक मुलगी मुलाखत घ्यायला आली, तर आत्या मागच्या जिन्याने निघून गेली आणि त्या मुलीला चहा पाजून वाटेला लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही तेव्हा शिकाऊंना सिग्नलला थांबल्या-थांबल्या आत्याचे किस्से ऐकवायचे. वेताच्या बेटांवर होडीवाली आली नाही म्हणून चार दिवस भिजत काढले. मिठाच्या पांढऱ्या पठारावर कुठल्याशा जनावराने रात्रीतून बुटाचा एक पट्टा खाल्ला, तर ही उरलेले अकरा मैल बुटाला तंबूची दोरी बांधून चालली. डोंगरातल्या एका तपासणी नाक्यावरच्या शिपायाला वाटलं, ही घरातून भांडून पळालीय. त्याने तिला बसवून तासभर संसाराचा उपदेश केला आणि जाताना चार उकडलेले बटाटे दिले. आत्याने उपदेशही ऐकून घेतला आणि बटाटेही घेतले.

एक मात्र मला खटकायचं. एवढं जग बघून आली तरी "किती सुंदर होतं" असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही. रेंज मिळेल तिथून फोन यायचा, आणि बोलणं ठरलेलं.

"पोचले. पाणी आहे. ठेवते."

"आत्या, बाकी कसं आहे तिथे?"

"बाकी काय? झरा आहे. वीस पावलं पूर्वेला सरकलाय, पण आहे."

मला वाटायचं, एकट्या बाईला पाण्याचीच काळजी जास्त. मी म्हणायचे, बरं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आत्या परत आली आणि दहा दिवस झाले, बारा झाले, वीस झाले, तरी निघेना. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण ती बसलेलीही नव्हती. सकाळी मी डबा द्यायला जायचे तेव्हा ती तंबू धुऊन गच्चीवर वाळत घालत असायची. दुपारी तोच तंबू घडी करून सॅकमध्ये. संध्याकाळी सॅक उपसून पुन्हा सगळं पलंगावर. बुटाच्या नाड्या एका आठवड्यात तीनदा बदलल्या. जिना चढायची, उतरायची, परत चढायची. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने मला थांबवून विचारलं, "तुमच्या आत्यांचं काही हरवलंय का?" जेवताना निम्म्यात उठायची, खिडकीशी जायची, परत यायची, आणि आपण ताटावरून उठलो होतो हे तिच्या गावीही नसायचं.

तिच्या अस्वस्थपणाची मला लागण झाली. गाडीत मी नसलेल्या चुकांवर ब्रेक मारायला लागले. एका गृहस्थांनी तर मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, रस्ता रिकामा आहे."

चोविसाव्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा आत्या गच्चीवर होती. टॉवेल काढायला मी तिचं कपाट उघडलं. त्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. आत्याचं अक्षर छापल्यासारखं असतं, बघताक्षणी ओळखू येतं. ओळीने आकडे, प्रत्येकापुढे एका जंगलाचं नाव, आणि नावापुढे निळ्या शाईत लिहिलेलं: पाणी आहे. पाणी आहे. पाणी आटलंय, खूण बरोबर. पाणी आहे. चाळीस ओळी अशा. एकेचाळिसाव्या ओळीपुढे काही नव्हतं.

मी बोटावर हिशेब केला. ही अकरा वर्षं जिथे जिथे गेली, ती सगळी ठिकाणं त्या यादीत होती. एकही जादा नाही, एकही कमी नाही. धाडस नाही, हौस नाही, माझी आत्या हजेरी घेत फिरत होती!

ती खाली आली तेव्हा मी कपाट उघडंच ठेवलं होतं.

"हे काय आहे?"

"कागद आहे."

"तो मलाही दिसतोय. गेले तीन आठवडे तू काट्यावर बसल्यासारखी वागतेयस. अंगावरचं मांस उतरलंय. एक ठिकाण राहिलंय, तर जा ना. नाहीतर नको जाऊस. पण हे जिन्यावरून खाली-वर, खाली-वर... माझं डोकं फिरायची वेळ आलीय!"

आत्याने सॅक बाजूला सारली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिला पलंगावर बसलेलं पाहिलं. मग तिने सांगितलं.

नकाशा एका हाताने होत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डोंगरांच्या उंचीच्या रेषा तपकिरी, त्या एकाच्या. जंगल हिरवं, ते दुसऱ्याचं. पाणी निळं, ते आत्याचं. कचेरीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे, 'निळी' म्हणत. मोजणीवाले रानातून कच्चा कागद आणायचे. तो खाली ठेवायचा, वर पारदर्शक कापड ताणायचं आणि नदी, ओढे, विहिरी, झरे शाईने उतरवायचे. एकेका शीटला सात-आठ महिने लागायचे. डाग पडला तर ब्लेडने खरवडायचा, पण एका कापडावर फक्त दोनदा. तिसऱ्यांदा खरवडलं की कापड विरतं. मग तपासनीस ते शीट परत पाठवायचा आणि सगळं पहिल्यापासून करायला लागायचं.

"पंचवीस वर्षांची होते मी," आत्या म्हणाली. "शनिवार होता. शीट पूर्ण झालं होतं, दोनदा खरवडून झालं होतं. सोमवारपासून माझी रजा. शीट परत आलं असतं तर रजा रद्द. आणि निबातून एक थेंब पडला. पठाराच्या मधोमध, जिथे काही नाही तिथे."

"मग?"

"मी त्याला छोटीशी शेपटी काढली. ठिपका आणि शेपटी म्हणजे झरा. तपासनीस डाग शोधायचा, झरे मोजायचा नाही."

"आणि रजा कशाला हवी होती एवढी?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या बापाच्या लग्नाला."

मी या जगात येण्याच्या कार्यक्रमाला ही वेळेवर पोचली होती, त्या ठिपक्याच्या जोरावर. रजेवरून आल्यावर सांगून टाकायचं तिने ठरवलं होतं. आली तर शीट छापायला गेलेलं. नंतर नंतर ते सांगणं राहूनच गेलं. पंचवीस वर्षं तिने तो ठिपका मनाच्या तळाशी दाबून ठेवला. मग एक दिवस कचेरीत डबा खाताना पेपरात चार ओळी वाचल्या. त्याच जंगलात दोन वाटसरू पाण्यावाचून मेले. कुठल्या भागात, ते लिहिलं नव्हतं. त्याच महिन्यात तिने नोकरी सोडली.

"मला बघायचं होतं की आणखी किती ठिकाणी माझा हात चुकलाय. एकेचाळीस शीट्सवर मी काम केलं होतं. चाळीस बरोबर निघाली."

"आणि जिथे चुकलंय हे तुला पहिल्यापासून माहीत होतं, तिथेच गेली नाहीस?"

"दर वेळी तिथेच जायला निघायचे गं. स्टँडवर गेल्यावर दुसऱ्या बसमध्ये चढायचे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक फोन करून विचारता आलं असतं! एक पत्र टाकता आलं असतं! अकरा वर्षं मी या बाईच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून ऊन दाखवलं, बाबांनी दर वादळाच्या बातमीला रेडिओ कानाशी धरला, आणि ही बसस्टँडवर उभं राहून बस चुकवत होती. मी हे सगळं तिला बोलले, याहून जास्तच बोलले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ते दोघं तिथेच मेले असतील तर?"

हे मात्र ती इतक्या हळू बोलली की मी खाली चटईवर बसले. आता तिला कुठे पळायला जागाच उरली नव्हती. चाळीसच्या चाळीस बसेस संपल्या होत्या.

"उद्या पहाटे खाली उभी राहा," मी म्हटलं. "बस नाही. मी गाडी आणते. माझ्या गाडीत बसलेलं माणूस मधेच उतरत नाही, ब्रेक माझ्या पायाखाली असतो."

शिकाऊ गाडी, छपरावर शाळेची पाटी, पुढे-मागे लाल 'एल'. दोन दिवस आम्ही त्या गाडीने गेलो. लोक मागून हॉर्न वाजवत पुढे जायचे आणि खिडकीतून वळून बघायचे की हे शिकायला एवढ्या लांब कशाला आले. आत्या सीटच्या टोकाला. गुडघे हलत होते. प्रत्येक स्टँडपाशी तिची मान वळायची आणि मी वेग वाढवायचे.

फाटकावर एक तरुण कारकून बसला होता. त्याने वहीत आमची नावं, येण्याची वेळ, किती पाणी नेतोय, सगळं लिहून घेतलं. मी तोंड उघडणार, की बाबा रे, ते अकरा वर्षांपूर्वी दोन माणसं... तर आत्याने माझा दंड घट्ट धरला.

"आधी पाणी बघू."

"पाणी नाहीच आहे, काय बघणार?"

"तरी."

तिथून चालत पाच तास. आत्या एकसष्ट वर्षांची, मी पस्तिशीची, आणि दुसऱ्या तासाला माझी जीभ बाहेर. बसून-बसून ब्रेक दाबणाऱ्या बाईला चढ झेपत नाही हे मला तिथे कळलं. आत्या मात्र एका लयीत चालत होती, ना हळू ना घाईत, आणि माझ्यासाठी थांबली की उभ्याउभ्याच पाय हलवत राहायची. झाडं कमी झाली, मग संपली. तांबूस दगड, वाळकं गवत आणि वर ऊन. मी पाण्याच्या बाटलीकडे हात नेला की आत्या म्हणायची, "दोन घोट." तिथे मला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजलं की कागदावर इथे निळा ठिपका बघितलेला माणूस काय करेल. तो खालीच बाटली संपवेल. पुढे पाणी आहे ना, म्हणून संपवेल. मी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. हेच आत्या अकरा वर्षं सोबत घेऊन फिरत होती.

शेवटच्या चढाआधी तिने शीट काढलं. तिचंच, घड्यांवर विरलेलं. "त्या दोन खडकांच्या मागे," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली. पाय पहिल्यांदाच हलत नव्हते.

"चल," मी म्हटलं.

"तू पुढे हो."

"मी नाही. तू काढलायस, तू बघ."

ती गेली. मी मागोमाग.

दोन खडकांच्या मधे सावलीत एक निळं पिंप होतं. त्याच्यावर लाकडी झाकण, झाकणावर दगड, साखळीला बांधलेला पत्र्याचा मग. खडकावर पांढऱ्या रंगाने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: झरा. आणि खाली, बारीक: झाकण लावा.

आत्याने झाकण उचललं. पिंपात निम्मं पाणी होतं, स्वच्छ. तिने बोट बुडवलं आणि तशीच उभी राहिली. शीटकडे बघते, पिंपाकडे बघते, परत शीटकडे. मला हसू की रडू कळेना. सगळ्या शक्यतांचा विचार तिने केला होता, हाडं सापडतील इथपर्यंत. ही शक्यता तिच्या यादीत नव्हती.

आम्ही तासभर तिथे बसलो. मी बसले, आत्या पिंपाभोवती फेऱ्या घालत होती. मग खालच्या अंगाने घंटा वाजली आणि एक खेचर वर आलं. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. मागून खाकी शर्टातला एक म्हातारा, कानावर पांढरे केस, हातात काठी, आणि तोंडाने खेचराशी अखंड भांडण चालू.

"साहेब, चला. साहेब, उपकार करा, शेवटची वीस पावलं." आम्हाला बघून त्याने काठी खाली केली. "पाणी प्यायलात का? मग झाकण लावा."

तो आतल्या चौकीचा पहारेकरी होता. चौकीपाशी खरा झरा आहे, तिथून तासा-दीड तासाची वाट. खेचराचं नाव साहेब का, असं मी विचारलं, कारण काहीतरी बोलायला हवं होतं.

"तीन अर्ज केल्याशिवाय हलत नाही म्हणून," तो म्हणाला आणि कॅन सोडवायला लागला. "मी कचेरीला तीन अर्ज केले होते, इथे झरा नाही म्हणून. तिसऱ्याला उत्तर आलं. नकाशा तपासून छापलेला आहे. मग म्हटलं, कागदात पाणी आहे तर इथेही असायला पाहिजे. तेव्हापासून उन्हाळाभर मंगळवारी आणि शुक्रवारी आणतो. हे तिसरं खेचर."

"किती वर्षं झाली काका?"

"तेहतीस. नोकरीवर आलो तो पहिलाच उन्हाळा. एक बाप आणि त्याची पोरगी, दोघं या खडकाला टेकून बसलेली. मांडीवर नकाशा उघडा. बाप त्या नकाशावर बोट आपटत होता, बोलता येत नव्हतं त्याला. पोरीला मी खांद्यावर घालून खाली नेलं." त्याने कॅन पिंपावर उलटा केला. "वाचली दोघं."

आत्याच्या तोंडून आवाज फुटला तो खरखरीत. "आणि अकरा वर्षांपूर्वीचे ते दोन?"

"ते दक्षिणेच्या घळीत. इथून लांब, वाट सोडून भरकटलेले. त्यांच्याकडे नकाशाच नव्हता, कुठलाच." तो आत्याकडे नीट बघायला लागला. "तुमचं कुणी होतं का त्यात?"

"नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, आता आत्या खाली बसेल, रडेल, आपण घरी जाऊ. मरण तिच्या माथी नव्हतं. कुणाला काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती. म्हातारा कॅन रिकामा करत स्वतःशीच पुटपुटला, "तो ठिपका काढणारा एकदा भेटायला हवा होता. तेहतीस वर्षं शिव्या देतोय मी त्याला. साहेबांना नाही दिल्या एवढ्या."

"मी काढला," आत्या म्हणाली.

माझा उजवा पाय जमिनीत रुतला. तिथे ब्रेक नव्हता.

म्हाताऱ्याने कॅन खाली ठेवला. मग पिंपातून मगभर पाणी घेतलं आणि ते सगळं सावकाश पिऊन टाकलं. आत्याने त्याला सगळं सांगितलं, शनिवार, तिसरा डाग, शेपटी, भावाचं लग्न. स्वतःच्या बाजूने एक शब्दही घातला नाही. माझ्याकडे हात करून म्हणाली, "ही त्याच भावाची मुलगी." मला खडकाच्या मागे लपावंसं वाटलं.

"वय काय होतं तुमचं?"

"पंचवीस."

"मी सव्वीसचा होतो." त्याने रिकामा मग साखळीवर सोडला. "बाई, ती पोरगी नऊ वर्षांची होती. तिची जीभ सुजून तोंडाबाहेर आली होती. हे तुम्हाला माहीत असायला पाहिजे."

"हो," आत्या म्हणाली. "पाहिजे."

मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. झालं ना आता, कबूल केलं ना तिने, मग कशाला मुरगळायचं? पण मग आत्याचा चेहरा बघितला. एवढी वर्षं तिला कुणी हे बोलावं म्हणून ती फिरत होती, आणि आम्ही घरातले सगळे तिचं कौतुक करत बसलो होतो.

"मी त्या कचेरीला लिहिते," मी मधेच तोंड घातलं. "आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. ठिपका एका दिवसात काढतील."

"काढू देत की," म्हातारा म्हणाला. "छापलेले कागद कोण गोळा करणार? लोकांच्या खणांत, सॅकमध्ये, आजोबांच्या पेटीत. मागच्या महिन्यात एक जोडपं आलं, त्यांच्याकडे जुनंच शीट. आणि मी या पावसाआधी निवृत्त. नवा माणूस येतोय तो जीपवाला. जीप इथे चढत नाही." त्याने साहेबांच्या मानेवर थाप मारली. "हे खेचर माझं आहे, सरकारी नाही. पण माझे गुडघे गेले."

एवढं बोलून तो आत्याकडे वळला. त्याच्या बोलण्यात गोडवा नव्हता, माफी-बिफी तर अजिबातच नाही.

"उठा. पिंप अजून भरायचंय. तो दुसरा कॅन तुम्ही घ्या."

आत्याने कॅन उचलला. वीस लिटरचा कॅन, एकसष्ट वर्षांची बाई. मी पुढे झाले तर तिने कोपराने मला बाजूला सारलं. पाणी पिंपात पडताना एक थेंबही बाहेर सांडला नाही.

परत येताना गाडीत मी एकटी होते. दोन दिवस रिकाम्या सीटशी बोलत आले. बाबांना सांगताना मला आधी त्यांच्या लग्नापासून सुरुवात करावी लागली. ते ऐकत राहिले आणि मग उठून उगाच खिडक्या बंद करत फिरले.

आत्याला चौकीच्या खालच्या वस्तीत एक खोली मिळाली आहे. म्हातारा जायच्या आधी दीड महिना तिला शिकवत होता: खेचराला कुठून धरायचं, कुठल्या दगडावर ते हटकून अडतं, पिंप किती दिवसांनी घासायचं. साहेब तिचं ऐकत नाहीत, असं ती सांगते. तिनेही तीन अर्ज करायची सवय लावून घेतली आहे. या उन्हाळ्यात मी तिच्याकडे चार दिवस जाऊन आले. खोलीत चटईच आहे, बूटही दाराकडे तोंड करूनच. ती अजूनही निम्म्या जेवणातून उठून खिडकीशी जाते आणि पठाराकडे बघते, कुणी चढताना दिसतंय का. स्वस्थ बसणं तिच्या नशिबात नाही आणि मी आता त्यावर ब्रेक मारत नाही.

कपाटाच्या दारावरचा कागद मी तसाच ठेवला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी मी गाडी बाजूला घ्यायला लावते आणि शिकाऊंना पाच मिनिटं आरसे पुसायला सांगते. फोन येतो.

"पोचले."

"पाणी आहे?" मी विचारते.

"आहे," आत्या म्हणते. "आत्ताच भरलं."